आधी मोजा, मग मारा

अंबरनाथ-बदलापूरकडे एक तक्रार हल्ली फार ऐकू येते. लेकीला सुट्टीत बुद्धिबळाचा पट आणून दिला, सोंगट्या कशा चालतात ते तिला पाठ आहे, पण दहाव्या चालीला वजीर घालवते नि रडत बसते. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, "पोरींचं डोकं डावपेचांचं नव्हे!"

अशांना खाडिलकर भगिनींची नावं ऐकवावीत. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली वासंतीनं जिंकली आणि १९८३ पर्यंत ते अजिंक्यपद वासंती, जयश्री, रोहिणी या तिघींच्या घराबाहेर गेलंच नाही. रोहिणीनं ते १९७६ साली पहिल्यांदा मिळवलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती.

वजीर जातो तो मोजायचं राहून गेल्यामुळे. प्यादं एक, घोडा आणि उंट तीन-तीन, हत्ती पाच, वजीर नऊ, हे भाव भाजीच्या भावासारखे तोंडावर हवेत. समजा, समोरच्या प्याद्यावर लेकीच्या हत्तीचा नि घोड्याचा मारा आहे आणि त्या प्याद्याला एका उंटाचाच जोर आहे. घोड्यानं आधी मारलं, तर प्यादं आणि उंट मिळून चार आले, घोड्याचे तीन गेले. हत्तीनं आधी मारलं, तर आले तेच चार, पण गेले पाच! सोंगट्या त्याच, क्रम चुकला की घाटा. मध्येच कुणी शह दिला तर मात्र हे गणित मोडतं, म्हणून समोरच्याचे शह आधी पाहायचे. त्यातून घोडा फार लबाड, बरं का. अडीच घरं उडी मारून राजाला शह देतो आणि त्याच जागेवरून वजिरावरही डोळा ठेवतो. राजा हलला की वजीर फुकट.

खेळ न येणाऱ्या आईनंही शेजारी बसून एवढंच विचारावं, "तो तिथे का गं आला?" उत्तर येईपर्यंत लेकीचा हात मांडीखाली.

मला खुपतं ते वेगळंच. आठवी आली की मुलीचा पट माळ्यावर जातो, मुलाचा नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. तिचा पट कुणी माळ्यावर टाकला नव्हता. संध्याकाळच्या गाडीची गर्दी नको असेल तर रविवारची सकाळ द्या. आणि एक वही द्या. हरलेला डाव तिनं त्यात लिहायचा आणि वजीर जिथे गेला तिथे लाल खूणही तिनंच करायची.