धरणीकंपाची साक्ष

भूकंपमापक यंत्र जमिनीचे हेलकावे टिपते; परंतु त्यांनी घरातील भांडी नुसती वाजली की भिंत खचली, हे तेथील माणूसच सांगू शकतो. अमेरिकेची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था पूर्वी ही साक्ष टपालाने मागवीत असे. नकाशा सिद्ध होण्यास महिने लागत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रश्नावली इंटरनेटवर आली. झोपमोड झाली काय, मांडणीवरील वस्तू पडल्या काय, अशा साध्या उत्तरांवरून गावोगावची तीव्रता काही मिनिटांत ठरू लागली. एकाच्या अतिशयोक्तीने नकाशा बिघडू नये, म्हणून परिसरातील सर्व उत्तरे एकत्र करून आकडा काढतात.

२३ ऑगस्ट २०११ रोजी व्हर्जिनियात ५.८ क्षमतेचा धक्का बसला, तेव्हा १,४०,००० हून अधिक लोकांनी उत्तरे धाडली. पूर्वेकडील जुना, कठीण खडक लहरी किती दूर नेतो, हे त्यातून स्पष्ट दिसले.

‘काहीच जाणवले नाही’ हे उत्तरही तितकेच मोलाचे. नकाशावरील कोऱ्या जागेचे दोन अर्थ होतात : तेथे धक्का पोहोचला नाही, किंवा कळविण्याच्या स्थितीत कोणी उरले नाही. विक्री न झालेल्या दिवसाचीही नोंद रोजमेळात ठेवणाऱ्यांना तिचे महत्त्व निराळे सांगावयास नको.