आधी भिंत, मग रंग

संवत्सरीची क्षमापना झाली की कापड बाजार आणि गुजर गल्लीच्या परिसरात परांच्या उभ्या राहू लागतात. दिवाळीला वहीपूजन, तत्पूर्वी घराचे व पेढीचे दर्शनी अंग उजळलेले असावे, ही व्यापारी कुटुंबाची स्वाभाविक इच्छा. आमच्याकडेही यंदा चिरंजीव व सूनबाईंनी रंगांचे पुस्तक आणून ठेवले होते. मी मात्र कार्तिक पौर्णिमेपर्यंत परांची बांधू दिली नाही. घरात नाराजी झाली. ती पूर्ण मावळली आहे असे आजही म्हणवत नाही.

माझ्या हट्टामागे जुना अनुभव आहे. 2011 साली घरातील विवाहाच्या निमित्ताने मी दसऱ्यापूर्वीच रंग उरकून घेतला आणि फाल्गुनात उत्तरेकडील भिंतीचे पोपडे अंगणात पडू लागले. कंत्राटदाराला बोल लावण्यात अर्थ नव्हता. घाई माझीच होती.

आपला जिल्हा पर्जन्यछायेतला असल्याने भिंती लवकर वाळतात, असा आपला समज असतो. परंतु येथील पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरातच पडतो. म्हणजे ऐन रंगाच्या हंगामात भिंत आतून ओली असते. तिच्यावर ॲक्रिलिक रंगाचा थर चढवणे म्हणजे बाहेर पडू पाहणाऱ्या ओलाव्याचे दार लावून घेणे होय. तो क्षार घेऊन बाहेर येतो, त्यालाच आपण लोणा म्हणतो, आणि रंग उचलला जातो. पारख सोपी आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस-रात्र भिंतीवर ठेवावा. आतून थेंब दिसले तर थांबावे. लोणा पाण्याने धुऊ नये, कोरड्या ब्रशाने झाडावा. पाण्याने क्षार पुन्हा आत मुरतात. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला किमान 28 दिवस द्यावेत. ज्यांचे वाडे अद्याप चुन्याच्या गिलाव्याचे आहेत, त्यांनी चुन्याचीच सफेदी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. चुन्याची भिंत श्वास घेते. तिला प्लास्टिकचे वस्त्र मानवत नाही.

शेवाळाचा प्रश्न मला अधिक अवघड वाटला. कारागिराने पाण्याचा जोराचा फवारा व वर औषध सुचवले. शेवाळाची गणना आपल्याकडे साधारण वनस्पतिकायात होते; एका शरीरात अनंत जीव. रंग द्यायचा तर भिंत स्वच्छ हवीच. आम्ही उन्हाची वाट पाहिली. पौष उजाडेपर्यंत बरेचसे शेवाळ आपोआप सुकून गळाले. उरलेले कोरड्या ब्रशाने काढले. हिंसा टळली असा माझा दावा नाही. जयणा थोडी अधिक पाळली गेली, इतकेच. मूळ दोष गच्चीच्या फुटलेल्या पन्हळीत होता. ती आधी बदलली, कारण ओल राहिली तर शेवाळ पुन्हा धरणार आणि पुन्हा काढावे लागणार. दुकानाच्या पाटीमागे कबुतराची दोन पिले होती, म्हणून त्या बाजूची परांची शेवटी बांधली. मजुरांनी हसून घेतले, पण ऐकले.

बँकेत हयात गेल्यामुळे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘चौरस फुटाला इतके’ असा एकच ठोक दर कधीही मान्य करू नये. खरवडणे, भेगा रुंद करून भरणे व प्रायमर यांचा खर्च वेगळा लिहून घ्यावा. ठोक दरात पहिली कात्री याच कामांना लागते, आणि रंगाखाली ती कोणाला दिसत नाही. एकूण रकमेचा दहावा हिस्सा पहिला पावसाळा सरेपर्यंत राखून ठेवावा, मात्र हे आरंभीच ठरवावे. काम झाल्यावर अडवून धरणे हा व्यवहार नव्हे.

सध्या उत्तरेची भिंत खरवडून, भेगा भरून तयार आहे. काल लावलेल्या प्लास्टिकखाली आज सकाळी एकही थेंब नव्हता. सूनबाईंना मोतिया हवा आहे, चिरंजीवांना राखाडी. प्रायमर सोमवारपासून.