नगरांना बोलू द्या

कलेसाठी सरकारने पैसा खर्च करावा की नाही, हा वाद आपल्याकडे दर काही वर्षांनी नव्याने पेटतो आणि पुरस्कारांच्या व संमेलनांच्या गदारोळात विझून जातो. त्या वादात एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. हा पैसा कोणत्या सरकारने खर्च करावयाचा? दिल्लीच्या अकादम्या आणि मुंबईचे मंत्रालय यांच्याकडेच आपली दृष्टी जाते. ज्या सरकारच्या नाट्यगृहात सामान्य नागरिक नाटक पाहतो, ज्याच्या वाचनालयात वृत्तपत्र वाचतो आणि ज्याला घरपट्टी भरतो, ते नगराचे सरकार या चर्चेत कोठेच नसते. त्याने कलेसाठी काय करावे आणि ते करता यावे म्हणून वरच्या सरकारांकडे कोणता कायदा मागावा, याचा विचार समाजवादी कार्यकर्त्यांनी तरी केला पाहिजे. लंडन शहराचा अनुभव या दृष्टीने फार बोलका आहे.

ब्रिटनमध्ये दीर्घकाळ असे तत्त्व होते की, संसदेने कायद्याने जे काम सोपविले असेल तेवढेच नगरपालिकेने करावे. त्यापलीकडे खर्च केल्यास तो बेकायदेशीर. रस्ते व गटारे यांविषयी अडचण नव्हती. नाटक-संगीतावर मात्र नागरिकांचा पैसा खर्च करण्याचा सर्वसाधारण अधिकार नगरांना नव्हता. समुद्रकिनाऱ्यावरील काही नगरांनी संसदेतून आपापल्यापुरते कायदे मंजूर करवून घेऊन मार्ग काढला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मजूर पक्ष अधिकारावर आला, तेव्हा स्थानिक स्वराज्याचे काम आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्याकडे होते. हा माणूस लहानपणी कोळशाच्या खाणीत राबलेला. राष्ट्रीय आरोग्यसेवेचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु त्याच १९४८ साली त्यांनी आणलेल्या स्थानिक शासनाच्या कायद्यातील १३२ वे कलम फारसे कोणाच्या लक्षात राहिलेले नाही. करपात्र मूल्याच्या दर पौंडामागे सहा पेन्सपर्यंत कर बसवून तो पैसा नाटक, संगीत व करमणूक यांवर खर्च करण्याची मुभा या कलमाने प्रत्येक स्थानिक संस्थेला दिली. मुभा दिली, सक्ती केली नाही. आणि त्यामुळेच बहुतेक संस्था त्या मर्यादेच्या जवळपासही कधी फिरकल्या नाहीत. कायद्याने नुसती परवानगी देऊन भागत नाही, हा पहिला धडा तेथेच मिळाला होता.

लंडनची परंपरा त्या मानाने भक्कम होती. १९५१ च्या राष्ट्रीय महोत्सवासाठी थेम्सच्या दक्षिण तीरावर रॉयल फेस्टिव्हल हॉल हे भव्य संगीतगृह उभारले ते तेथील लोकनियुक्त काउंटी कौन्सिलने. १९६५ साली तिच्या जागी ग्रेटर लंडन कौन्सिल आली. मे १९८१ च्या निवडणुकीत ती मजूर पक्षाने जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी पक्षातील डाव्या गटाचे केन लिव्हिंग्स्टन तिचे नेते झाले. देशात श्रीमती थॅचर यांचे हुजूर पक्षाचे सरकार होते. नदीच्या एका तीरावर संसद आणि समोरच्या तीरावर कौन्सिलचे काउंटी हॉल. दोन विरोधी विचारांची सरकारे अक्षरशः समोरासमोर बसलेली होती.

या कौन्सिलने कलेविषयी जे धोरण आखले ते समाजवाद्यांनी अभ्यासावे असे आहे. तोवर अनुदानाचा मोठा वाटा काही थोड्या थोर संस्थांकडे जात असे. टोनी बँक्स यांच्या अध्यक्षतेखालील कला समितीने त्या संस्थांचा आधार काढून घेतला नाही. परंतु समाजकलेसाठी आणि वांशिक अल्पसंख्याकांच्या कलेसाठी वेगळ्या उपसमित्या नेमून नवे दार उघडले. वस्त्यांतील भित्तिचित्रकार, छायाचित्रण व चलत्‌चित्रण शिकविणारी केंद्रे, कृष्णवर्णीय आणि आशियाई तरुणांचे नाट्य व चित्रपट गट यांना प्रथमच नगराच्या तिजोरीतून हक्काने पैसा मिळू लागला. १९८३ पासून फेस्टिव्हल हॉलची दालने दिवसभर सर्वांना खुली झाली; तिकीट न काढताही तेथे येऊन बसावे, प्रदर्शन पाहावे, गाणे ऐकावे. नागरिकांच्या पैशाने बांधलेली वास्तू दिवसभर नागरिकांसाठी उघडी असावी, इतकी ही साधी गोष्ट. पण ती घडावयास इमारत उभी राहिल्यापासून तीन दशके जावी लागली.

या धोरणामागे विचारही होता. लोक जी कला प्रत्यक्षात पाहतात व ऐकतात ती बहुतांशी बाजारातून येते: ध्वनिमुद्रिका, पुस्तके, चित्रपट, दूरचित्रवाणी. तेव्हा या व्यवसायांत कोण काम करतो, वितरण कोणाच्या हाती आहे आणि नफा कोणाकडे जातो, हे प्रश्न नगराच्या आर्थिक धोरणाचेच आहेत, अशी मांडणी कौन्सिलसाठी काम करणाऱ्या अभ्यासकांनी केली. कला ही दानधर्माची बाब न मानता श्रमाची व रोजगाराची बाब मानणारी ही भूमिका पुढे जगभरच्या शहरांनी उचलली. मात्र उचलताना तिच्यातील समाजवाद बहुतेकांनी सोयीस्करपणे गाळून टाकला.

पण यातील प्रत्येक पाऊल कायद्याच्या चौकटीवर अवलंबून होते. ऑक्टोबर १९८१ मध्ये कौन्सिलने बस व भुयारी रेल्वेची भाडी सरासरी ३२ टक्क्यांनी उतरविली. जाहीरनाम्यात दिलेले हे वचन होते. ब्रॉम्ली या उपनगराच्या कौन्सिलने दावा लावला आणि डिसेंबरमध्ये लॉर्ड्‌स सभेच्या न्यायाधीशांनी ती कपात बेकायदेशीर ठरविली. मतदारांचा कौल पुरेसा नसतो, कायदाही अनुकूल लागतो, हे त्या निकालाने दाखवून दिले. तेव्हापासून कौन्सिलने कायद्याचा प्रश्न चव्हाट्यावर आणला. तिने लंडनमधील बेकारांचा आकडा काउंटी हॉलच्या छपरावर भल्या मोठ्या अक्षरांत लावला. संसदेतून बाहेर पाहणाऱ्या प्रत्येकाला तो दिसे. १९८३ साली हुजूर पक्षाने कौन्सिलच बरखास्त करण्याचे आश्वासन देऊन निवडणूक जिंकली. त्यानंतर जाहिराती, सभा, महोत्सव आणि संसदसदस्यांच्या भेटीगाठी या सर्व मार्गांनी कौन्सिलने आपली बाजू मांडली. मे १९८५ मधील नगराची निवडणूकच रद्द करून सरकारनियुक्त मंडळी बसविण्याचा बेत पुढे आला, तेव्हा जून १९८४ मध्ये लॉर्ड्‌स सभेने सरकारचा पराभव केला. निवडणूक तरीही झाली नाहीच. निवडून आलेल्या सभासदांचीच मुदत एका वर्षाने वाढली. अखेर १९८५ च्या कायद्याने कौन्सिलचा निकाल लावला. ३१ मार्च १९८६ च्या मध्यरात्री लंडनचे लोकनियुक्त शासन संपले.

त्याच वर्षी आणखी एक कायदा झाला. एखाद्या पक्षाला मिळणाऱ्या लोकांच्या पाठिंब्यावर परिणाम व्हावा अशा हेतूचे भासणारे साहित्य प्रसिद्ध करण्यास स्थानिक संस्थांना त्याने बंदी केली. नागरिकांचा पैसा पक्षप्रचारावर उधळू नये हे आम्हालाही मान्य आहे. परंतु स्वतःचे अस्तित्व पुसणाऱ्या विधेयकाविरुद्ध नगराने नागरिकांना सावध करणे हा पक्षप्रचार कसा? केंद्रातील सरकार आपल्या योजनांच्या जाहिराती नागरिकांच्याच पैशाने करते, तेव्हा त्याला मात्र लोकशिक्षण म्हणतात.

पुढे काय झाले? संगीतगृहे आर्ट्‌स कौन्सिलच्या व्यवस्थेखाली गेली, म्हणजे मतदारांना उत्तरदायी नसलेल्या मंडळाकडे. लहान गटांना उपनगरांच्या कौन्सिलांच्या दारी फिरावे लागले आणि त्यांतील अनेकांचा आधार तुटला. चौदा वर्षे लंडनला स्वतःचे लोकनियुक्त शासन नव्हते. १९९८ च्या सार्वमतात ७२ टक्के मतदारांनी ते परत मागितले आणि २००० साली लिव्हिंग्स्टन महापौर म्हणून निवडून आले. १९९९ च्या नव्या कायद्याने महापौरावर सांस्कृतिक धोरण तयार करण्याची कायदेशीर जबाबदारी टाकली आहे. १९४८ साली जी केवळ मुभा होती तिचे काही अंशी कर्तव्यात रूपांतर झाले. काउंटी हॉल मात्र विकले गेले होते; आज तेथे हॉटेले आणि मत्स्यालय आहे.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. कौन्सिलचा खर्च वाढला तो करदात्यांना जाणवला. अनुदानाच्या निवडीत आवडीनिवडीचे राजकारण शिरल्याचे आरोप झाले व ते सर्वच निराधार नव्हते. त्याहून महत्त्वाचे हे की, अनेक गटांची मुळे वस्तीत रुजण्यापूर्वीच ते अनुदानावर उभे राहिले, आणि अनुदान संपताच कोसळले. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक सरकारी पैशावर उभे राहिले नव्हते; शिधा आणि मुक्काम लोकांकडून मिळवत ते गावोगाव गेले. अनुदानाने चळवळीला बळ मिळते, पण चळवळ जन्माला घालण्याचे सामर्थ्य अनुदानात नसते.

आता आपल्याकडे वळू. पुणे महानगरपालिकेने १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर उभे केले. आपले नानासाहेब गोरे यांनी त्याच सुमारास पुण्याचे महापौरपद भूषविले होते आणि पुढे जनता राजवटीत ते लंडनला भारताचे उच्चायुक्त होते. नगराचे शासन हे राजकारणातील दुय्यम काम आहे असे त्या पिढीने कधी मानले नाही. डॉ. लोहियांच्या चौखंबा राज्याच्या कल्पनेतही सत्तेचा खालचा खांब वरच्याइतकाच मजबूत असावयाचा होता. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तो खांब घटनेत आणला. बाराव्या अनुसूचीतील अठरा विषयांत तेरावा विषय सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींच्या संवर्धनाचा आहे. परंतु हे अधिकार राज्य विधिमंडळाने द्यावेत असे घटना म्हणत नाही. देता येतील असे म्हणते. महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या कायद्यांत बंधनकारक आणि ऐच्छिक अशी कर्तव्यांची विभागणी आहे आणि ग्रंथालये, संग्रहालये ऐच्छिकांच्या रांगेत बसतात. पैसा कमी पडला की या रांगेतलेच काम आधी थांबते. १ जुलै २०१७ पासून मुंबईची जकात गेली. तिच्या जागी मिळणारी भरपाई राज्य सरकारच्या हातून येते. म्हणजे अधिकार विधिमंडळाच्या इच्छेवर आणि पैसा मंत्रालयाच्या मर्जीवर.

अशा स्थितीत नगराने निदान बोलावे. पण बोलणार कोण? मार्च २०२२ मध्ये मुंबई व पुणे महानगरपालिकांची मुदत संपली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी असे घटना सांगत असताना, आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या वादात तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक बसले. प्रशासक कितीही कार्यक्षम असो, त्याला नेमणाऱ्या सरकारकडे तो नगराच्या वतीने भांडणार नाही. लंडनमध्ये नगराचे सभागृह मिटविण्यासाठी संसदेत विधेयक आणावे लागले आणि त्यावर देशभर वाद झाला. आपल्याकडे तेच काम निवडणूक न घेऊन झाले आणि फारसा गलबलाही उठला नाही.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे आम्ही काही निश्चित कामे ठेवू इच्छितो. नगराच्या अंदाजपत्रकातील कला, वाचनालये आणि नाट्यगृहे यांवरील तरतूद व प्रत्यक्ष खर्च दरवर्षी तपासून लोकांसमोर मांडावा. अनुदानाचे निकष आणि लाभार्थींची यादी जाहीर व्हावी यासाठी आग्रह धरावा. नगरसेवकाच्या कृपेने मिळालेला पैसा कलावंताला मिंधा करतो. बाराव्या अनुसूचीतील तेरावा विषय बंधनकारक कर्तव्यांत घालावा, त्यासोबत निधीचा निश्चित वाटा द्यावा आणि मुदत संपलेल्या सभागृहाची निवडणूक लांबविता येऊ नये, अशा मागण्यांचे ठराव नगरपालिकांच्या सभागृहांत आपल्या सभासदांनी व मित्रपक्षांनी मांडावेत आणि विधिमंडळापर्यंत त्यांचा पाठपुरावा करावा. लोकनाट्य मंडळे, भजनी मंडळे, शाहीर, रंगकर्मी आणि पडद्यामागचे कामगार यांना या मागणीत सामील करून घ्यावे. त्यांच्यावाचून ती कागदावरच राहील.

गटारे आणि पाणी यांच्यापुढे कलेची मागणी ही चैन आहे असे काही मित्र म्हणतील. पाणी आधी, यात वाद नाही. पण ज्या नगराला आपल्या नाट्यगृहासाठी विधिमंडळापुढे तोंड उघडता येत नाही, त्याला पाण्यासाठी तरी ते कसे उघडता येईल? दोन्ही मागण्यांमागे हक्क एकच आहे, आणि तो मागण्याचे काम येत्या अंदाजपत्रकापासून सुरू झाले पाहिजे.