फोटोखालची ओळ कोण लिहिणार?

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही सातआठ जण लवळ्यात एका विद्यार्थ्याच्या भाड्याच्या खोलीत बसलो होतो. मुळशी तालुक्यातलं हे गाव आता टेकडीवरच्या सिंबायोसिस विद्यापीठामुळे आणि शेजारच्या फ्लेममुळे ओळखलं जातं. देशभरातली पोरं इथे शिकायला येतात. तसा 'स्वातंत्र्य' हा शब्द या तालुक्याला नवा नाही. 1921 साली टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांसोबत सत्याग्रह केला, तेव्हा प्रश्न इंग्रजांपुरता नव्हता. आपली जमीन आपल्याला न विचारता कोण बुडवतं, असा तो प्रश्न होता.

खोलीत फरशीवर फोटोंचे प्रिंट मांडले होते. या अंकासाठी तुम्हाला आवाहन केलं होतं: 'आझादी' म्हटल्यावर जे समोर येतं त्याचा एक फोटो काढा आणि त्याखाली शंभर शब्दांच्या आत मजकूर लिहा. मोबाइलवरचा फोटो चालेल, मराठी कशीही चालेल. फोटो अपेक्षेपेक्षा बरेच जास्त आले.

पहिला ढीग कबुतरांचा झाला. मग मोकळं आभाळ, पतंग, समुद्राकडे तोंड करून हात पसरलेली पाठमोरी आकृती. कबुतरांवर आमचा राग नाही, पण त्या ढिगातले मजकूर एकमेकांत बदलले असते तरी कुणाला पत्ता लागला नसता. ते बाजूला ठेवले. जे बाजूला ठेवता आले नाहीत, त्यांच्याविषयी लिहायचं आहे.

एक फोटो पितळी कुलपाचा होता. नुसता बघितला तर दुकानातल्या कॅटलॉगमधला वाटावा. खाली लिहिलं होतं की पाठवणाऱ्याने पुण्यात खोलीसाठी सात घरं बघितली. प्रत्येक ठिकाणी बोलणं पक्कं व्हायचं, आणि नाव सांगितलं की मालकांना अचानक आठवायचं की गावाहून भाचा येणार आहे. आठव्या घरी त्याने दारातच, चप्पल काढायच्या आधी, स्वतःचं पूर्ण नाव सांगून टाकलं. हे कुलूप त्या आठव्या घराचं. मजकूर वाचून पुन्हा फोटोकडे बघितलं तेव्हा कुलूप तेच होतं, आम्ही मात्र ते वेगळ्या नजरेने बघत होतो.

दुसरा फोटो हेल्मेटचा. एका मुलीने लिहिलं होतं: अम्मी वयाच्या 46 व्या वर्षी स्कूटर शिकली. अब्बा आठवडाभर गप्प होते, नंतर तेच पेट्रोल भरून आणायला लागले. अम्मीचा चेहरा फोटोत नाही, कारण ती नको म्हणाली.

यावरून खोलीत भांडण झालं, आणि चांगलं झालं. एकाचं म्हणणं, चेहरा लपवून कसली आझादी? हिजाब घालणारी एक मैत्रीण म्हणाली, "माझा चेहरा कधी दाखवायचा हे तू ठरवणार असशील, तर माझ्या भावात आणि तुझ्यात फरक काय?" तिसऱ्याने विचारलं की 'ती नको म्हणाली' हे खरंच तिचं आहे, की घरातल्या कुणी तिच्या तोंडी घातलंय. हा प्रश्न आपण नेहमी टाळतो. सक्तीला 'तिची मर्जी' असं गोंडस नाव देण्यात आपले मोहल्ले पटाईत आहेत. म्हणून आम्ही त्या मुलीला तिथूनच फोन लावला. तिने अम्मीला विचारलं. अम्मीचं उत्तर असं: "फोटो कुठल्या ग्रुपवर फिरेल आणि खाली कोण काय लिहील, मला काय माहीत?"

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. जुलै 2021 मध्ये आणि पुन्हा 1 जानेवारी 2022 ला मुस्लिम बायकांचे फोटो चोरून त्यांचा 'लिलाव' मांडण्यात आला होता. 'बुल्ली बाई' या दुसऱ्या ॲपवर शंभराहून अधिक बायका होत्या. पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने अटका केल्या, पकडलेले बहुतेक विशीच्या आसपासचे, म्हणजे तुमच्याच वयाचे. ते फोटो त्या बायकांनी स्वतःच कधीतरी आनंदाने काढून टाकलेले होते, त्यात गैर काहीच नव्हतं. घाण होती ती शेजारी लिहिलेल्या शब्दांत. फोटो एकाचा आणि ओळ दुसऱ्याची असली की काय होतं, ते आपल्या पिढीने असं बघितलं आहे. अम्मीला हे ॲप ठाऊक नसेल, पण भीती तिला नेमकी ठाऊक होती.

उलट, नीट लिहिलेली ओळ नसेल तर काय होतं, त्याचं उदाहरण पुण्यातलंच आहे. सावित्रीबाई फुले आणि फातिमा शेख एकत्र असलेला म्हणून सांगितला जाणारा तो जुना, धूसर फोटो तुम्ही सर्वांनी शेअर केलेला आहे. दरवर्षी जानेवारीत तो आपल्या स्टेटसवर असतो. 2022 साली गूगलने डूडलही केलं. आणि जानेवारी 2025 मध्ये एका पत्रकाराने जाहीर केलं की फातिमा शेख हे पात्र त्यानेच रचलं, अशी बाई झालीच नाही. दोन दिवस आपल्यापैकी अनेकांची बोलती बंद झाली होती, हे कबूल करायला हरकत नाही. कारण आपल्याकडे फक्त फोटो होता, आणि फोटो एवढंच सांगतो की दोन स्त्रिया आहेत. त्यांची नावं सांगायला शब्द लागतात.

शब्द होते, आपण वाचले नव्हते. सावित्रीबाई आजारपणात माहेरी, नायगावला गेल्या होत्या. तिथून 10 ऑक्टोबर 1856 ला त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिलं. पुण्यातल्या कामाचा भार फातिमावर पडला असेल, पण ती तक्रार करणारी नाही, अशा अर्थाचा उल्लेख त्यात आहे. हे पत्र डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय'मध्ये छापलेलं आहे आणि तो ग्रंथ राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1988 साली काढला. म्हणजे तो दावा करणारा लिहायला लागायच्या कितीतरी आधी ही बाई कागदावर होती. फातिमाविषयी आज जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं, जन्मतारखेसकट, पुराव्याशिवायचं आहे आणि ते आपणही डोळे मिटून पुढे ढकललं आहे. पण ती होती. पुण्यातली एक मुसलमान बाई, जिच्यावर सावित्रीबाईंनी शाळेचं काम विश्वासाने टाकलं. ते त्या एका ओळीमुळे टिकलं.

दयानिता सिंग यांचं 'मायसेल्फ मोना अहमद' हे 2001 सालचं पुस्तक मिळालं तर जरूर बघा. दिल्लीच्या एका कब्रस्तानात राहणाऱ्या मोना अहमद या हिजड्याचे फोटो त्यात आहेत, आणि सोबतचा मजकूर मोनाचा स्वतःचा आहे, प्रकाशकाला पाठवलेल्या ई-मेलमधून आलेला. 1989 मध्ये दयानिता एका लंडनच्या वर्तमानपत्रासाठी तिचे फोटो काढायला गेल्या होत्या. ते लंडनमध्ये छापून येणार हे कळल्यावर मोनाने रोल परत मागितला, कारण तिथे तिचे नातेवाईक होते. दयानितांनी रोल देऊन टाकला. हातातलं काम गेलं, पण पुढे दोघींची मैत्री झाली ती मोनाच्या मृत्यूपर्यंत, 2017 पर्यंत टिकली. कॅमेरा घेऊन बाहेर पडणाऱ्या आमच्या उत्साही वाचकांना आम्ही हा रोलचा किस्सा मुद्दाम सांगतो. मदरशातली पोरं, भिकारी, बुरख्यातल्या बायका हे तुमच्यासाठी 'फ्रेम' म्हणून उभे नाहीत. या वेळी न विचारता काढलेले चेहऱ्यांचे काही सुंदर फोटो आले होते. ते आम्ही छापलेले नाहीत, आणि पाठवणाऱ्यांना तसं कळवलं आहे. एकजण रागावलाय. रागावू दे.

निवडलेले फोटो पुढच्या पानांवर आहेत. मजकुरातली भाषा आम्ही फारशी सुधारली नाही. 'मी बोलली' असं आलंय तिथे तसंच ठेवलंय, आणि दखनी शब्दांखाली अर्थही दिलेले नाहीत. इंग्रजी विभागासाठी अनुवाद ज्याचा त्याने तपासून दिला आहे.

हेल्मेटचा फोटो पहिल्या पानावर घ्यायचा असं ठरलं. त्या मुलीला कळवलं, तर संध्याकाळी तिचा पुन्हा मेसेज आला. अम्मीने मजकूर वाचून घेतला होता आणि एक दुरुस्ती सांगितली होती: वय 46 नाही, 44. आणि पेट्रोल अब्बांनी एकदाच भरलं होतं.

आम्ही वय दुरुस्त केलं आहे. पेट्रोलचं मुलगी आणि अम्मी आपसात बघून घेतील.