उसाची बाटली आणि आपले टनामागचे पैसे



हल्ली गट ऑफिसात, चहाच्या टपरीवर, काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागली असता एक विषय हमखास निघतो. उसापासून म्हणे प्लॅस्टिक होते, त्या प्लॅस्टिकची बाटली होते, अन् त्या बाटलीत थंड पेय भरून विकतात. मग पुढचा प्रश्न ठरलेलाच, आपला कारखाना हे का करीत नाही? प्रश्न रास्त आहे. तेव्हा ह्या अंकात आम्ही त्यावर आमचे मत मांडतो. ते सर्वांना पटेलच असे नाही.

प्रथम एक गैरसमज काढून टाकू. उसाची बाटली म्हणजे चिपाडाची बाटली नव्हे, आणि ती मातीत कुजत नाही. पाण्याची व पेयाची जी नेहमीची पारदर्शक बाटली असते, ती पीईटी नावाच्या प्लॅस्टिकची. हे प्लॅस्टिक दोन मालांचे बनते. वजनाने साधारण 30 टक्के ग्लायकॉल आणि 70 टक्के टेरेप्थॅलिक आम्ल. दोन्ही माल एरवी खनिज तेल वा वायूपासून येतात. पैकी ग्लायकॉल अल्कोहोलपासूनही करता येते. मळीपासून अल्कोहोल, अल्कोहोलपासून इथिलीन, इथिलीनपासून ग्लायकॉल, असा तो रस्ता. कोका-कोला कंपनीने 2009 साली ‘प्लँटबॉटल’ म्हणून जी बाटली काढली ती हीच, म्हणजे 30 टक्क्यांपर्यंत वनस्पतीची आणि बाकी तेलाची.

हे ग्लायकॉल काही परदेशातच होते असे नाही. उत्तराखंडात काशीपूर येथे इंडिया ग्लायकॉल्स ही कंपनी मळीच्या अल्कोहोलपासून ते करते, आणि प्लँटबॉटलसाठी लागणारे ग्लायकॉल तिने पुरविलेले आहे. त्याही मागे जायचे तर बंगालमध्ये रिश्रा येथे 1959 साली पॉलिथीन निघू लागले, ते अल्कोहोलच्या इथिलीनपासून. बरेलीला 1960 नंतर कृत्रिम रबर निघाले, तेही अल्कोहोलपासूनच. म्हणजे ज्याला आज नवी विद्या म्हणून हार घालतात ती आपल्या मळीला जुनीच माहीत आहे. पुढे नाफ्त्याचे इथिलीन स्वस्त पडू लागले आणि मळी मागे पडली. हा इतिहास विसरून चालणार नाही, कारण आजही खरी लढत तेलाच्या भावाशीच आहे.

ब्राझीलने मात्र मोठी उडी घेतली. ब्रास्केम कंपनीने 2010 साली त्रिउन्फो येथे उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथीन करण्याचा कारखाना चालू केला, वर्षाला 2 लाख टनांचा. पण ते प्लॅस्टिक पिशव्या, ट्यूबा, झाकणे यांचे. पेयाच्या बाटलीचे नव्हे.

आता हिशेबाकडे येऊ, कारण सभासदाला त्यातच रस असतो आणि असावाही. लिटरची बाटली 20 ते 25 ग्रॅम भरते. 25 ग्रॅम धरली तर तीत ग्लायकॉल 8 ग्रॅम. एवढ्याला घट धरून अल्कोहोल लागते अंदाजे 10 मिलिलिटर, औषधाचे दोन चमचे म्हणा ना! टनभर उसाच्या रसापासून 70 लिटरच्या आसपास अल्कोहोल मिळते, म्हणजे सात हजार बाटल्यांची सोय झाली. साखर काढून उरलेल्या मळीचे धरले तर टनामागे 10 लिटर, म्हणजे हजार बाटल्या. 2024-25 सालात उसाच्या रसाच्या इथेनॉलला 65 रुपये 61 पैसे आणि शेवटच्या मळीच्या इथेनॉलला 57 रुपये 97 पैसे लिटर असा सरकारी दर होता. तेव्हा अठरा-वीस रुपयांना विकल्या जाणाऱ्या बाटलीत उसाचा वाटा किती? साठ-पासष्ट पैसे. बाकीचे पैसे पाणी, लेबल, वाहतूक, दुकानदार आणि जाहिरात यांच्या खिशात.

दुसरा हिशेब जास्त कडू आहे. किलोभर ग्लायकॉलला लिटरभराहून जास्त अल्कोहोल लागते. म्हणजे नुसता कच्चा मालच साठ-सत्तर रुपयांचा झाला. तेलापासूनचे ग्लायकॉल बाजारात साधारणपणे याहून स्वस्त मिळते. ही तफावत ग्राहकाने भरली पाहिजे किंवा सरकारने. दोघेही भरीत नसतील तर ती उसाच्या बिलातून भरली जाईल, दुसरी जागाच नाही. बड्या पेय कंपन्यांची आश्वासने ऐकताना हे ध्यानी ठेवावे. 2020 पर्यंत आपल्या सगळ्या प्लॅस्टिक बाटल्यांत वनस्पतीचा माल घालू, असे कोका-कोलाने जाहीर केले होते. ते साल आले आणि गेले, तसे झाले नाही. पूर्ण वनस्पतीच्या पीईटी बाटलीचा नमुना तिने 2015 साली मिलानच्या प्रदर्शनात दाखविला, 2021 साली पुन्हा दाखविला, तेव्हा बाटल्या होत्या सुमारे 900. राहिलेला 70 टक्के माल वनस्पतीपासून स्वस्तात करणे हे अजून अवघडच काम आहे.

मग हा विषय सोडून द्यावा काय? नाही. कारण आपल्या आसवनीला आज एकच गिऱ्हाईक आहे, आणि एका गिऱ्हाईकाच्या भरवशावर दुकान टाकणाऱ्याचे काय होते ते आपण पाहिले. 7 डिसेंबर 2023 रोजी ऐन हंगामात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास बंदी केली. ज्यांनी कर्ज काढून आसवन्या वाढविल्या होत्या त्यांनी डोक्याला हात लावला. ती बंदी पुढच्या वर्षासाठी उठली खरी. पण 2025-26 च्या पुरवठा वर्षाला तेल कंपन्यांनी जे इथेनॉल घ्यायचे ठरविले त्यात उसाचा वाटा जेमतेम 28 टक्के, बाकीचे धान्याचे, त्यातही मक्याचे सर्वांत जास्त. पेट्रोलमध्ये 20 टक्के मिसळण्याचे उद्दिष्ट 2025 मध्ये गाठले गेले. आता पुढे काय, याचे उत्तर आपल्या हातात नाही. अशा वेळी अल्कोहोलला दुसरा घेणारा मिळत असेल तर तो हवाच, मग त्याची बाटली होवो की आणखी काही.

येथे एक बारीक गोष्ट. 2023 च्या बंदीतून शेवटच्या मळीचे अल्कोहोल वगळलेले होते. म्हणून बाटलीचा विचार करायचाच तर तो मळीच्या पायावर करावा, रसाच्या नव्हे. साखर टंचाई झाली की सरकार रसावर हात ठेवणार, हे धरूनच चालावे.

आपल्यापैकी काहींनी पीएलएबद्दल विचारले आहे. हे प्लॅस्टिक साखरेपासून लॅक्टिक आम्ल करून बनवितात. उत्तर प्रदेशात बलरामपूर चिनी मिल्सने कुंभी येथे त्याचा मोठा प्रकल्प 2024 साली जाहीर केला, आणि आपल्याकडे जेजुरीला प्राज कंपनीने त्याच वर्षी त्याचे प्रात्यक्षिक केंद्र सुरू केले. कप, ताटल्या, पिशव्या यांना हा माल चांगला. त्याला आमचा विरोध नाही, उलट सदिच्छा आहेत. पण पेयाच्या बाटलीला तो चालत नाही. सोड्याचा वायू त्यात नीट टिकत नाही. साठ अंशांच्या आतबाहेर तो मऊ पडतो. मे महिन्यात पत्र्याच्या टेम्पोत माल भरून विदर्भात पाठवून बघा! कालव्यात टाकला म्हणून तो कुजतही नाही, त्याला गरम खतखान्याची भट्टी लागते. आणि सर्वांत वाईट म्हणजे नेहमीच्या बाटल्यांच्या भंगारात तो मिसळला तर सगळा घाण नासवतो. दोन्ही प्लॅस्टिके पाण्यात बुडतात, त्यामुळे धुताना वेगळी होत नाहीत.

उसाच्या ग्लायकॉलची पीईटी बाटली येथे सरस ठरते. ती तेलाच्या बाटलीहून कणभरही निराळी नसते, म्हणून त्याच भंगारात जाते, त्याच यंत्रात दळली जाते, पुन्हा बाटली किंवा धागा होते. भंगारवाला पीईटी पैसे मोजून घेतो, म्हणून ती वेचली जाते. ज्याला भंगारात भाव नाही ते प्लॅस्टिक शेवटी आपल्याच चारीत येऊन अडकते, हे पाटकऱ्याला विचारा. केंद्राच्या 2022 च्या नियमांनीही कडक प्लॅस्टिकच्या वेष्टनात 2025-26 पासून 30 टक्के पुनर्वापराचा माल घालण्याची अट घातली आहे. म्हणजे भंगाराचीही किंमत वाढणार. हॉलंडमध्ये डेल्फझाइल येथे फळसाखरेपासून पीईएफ नावाच्या नव्या बाटलीच्या मालाचा कारखाना 2024 साली उघडला. तो वायू चांगला धरतो म्हणतात. पण क्षमता वर्षाला 5 हजार टन. त्यावर नजर ठेवावी, पैसा नको.

आता कारखान्याने करावे काय? बाटलीचा किंवा ग्लायकॉलचा प्लँट एकट्याने मुळीच टाकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दिवसाला 60 हजार लिटरची आसवनी नऊ महिने अखंड चालली तरी तिच्या सगळ्या अल्कोहोलपासून ग्लायकॉल निघेल सुमारे 14 हजार टन. तेलावाल्यांचे कारखाने लाखांच्या टनांत बोलतात. हे काम दहा-बारा कारखान्यांनी मिळून करायचे आहे. राज्य साखर संघाने पुढाकार घ्यावा आणि मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेने मळीच्या ग्लायकॉलचा आपल्या दराने, आपल्या वाहतुकीने हिशेब मांडून द्यावा. काशीपूरला जाऊन येण्यास दोन दिवस लागतात, त्यासाठी परदेश दौऱ्याची गरज नाही.

आणि पेय कंपनीकडून किमान पाच वर्षांची लेखी हमी, अल्कोहोलचा दर उसाच्या दराशी जोडून, हाती पडल्यावाचून सभासदाच्या बिलातून ह्या कामासाठी एक रुपयाही कपात होऊ नये. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कोणी असा ठराव आणलाच तर सभासदांनी आधी करारपत्र मागावे, मग हात वर करावा.