पागाच्या गोळ्या आणि घरातली चूल

गेल्या आठवड्यात खाडीकाठच्या एका वाचकाचे पत्र आले. पागाला लावायच्या शिशाच्या गोळ्या ते घरीच ओततात. त्यांनी विचारले आहे, ‘डॉक्टर, शिसे वितळवायला कोणते भांडे चांगले? अॅल्युमिनियमचे चालेल का? गॅस बरा की लाकडाची चूल? तोंडाला फडके बांधून वर गुळाचा खडा खाल्ला, म्हणजे बाधणार नाही ना?’

पत्र वाचून मला चार वर्षांचा एक मुलगा आठवला. चेहरा फिकट, पोटात सारखी कळ, शौचाला खडा, स्वभाव किरकिरा. त्याची आई त्याला तीन वेळा माझ्याकडे घेऊन आली. मी जंतांचे औषध दिले, लोहाचे औषध दिले, पालेभाजी खायला घाला असे सांगितले. फरक पडेना. चौथ्या खेपेला सोबत आजोबा आले. ते बोलत असताना त्यांच्या हिरड्यांच्या कडेला निळसर करडी रेघ दिसली आणि मी चमकलो. जो प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा होता, तो तेव्हा विचारला, ‘घरात काय काम चालते?’ आजोबा म्हणाले, ‘पाग इणतंव आणि शिसा ओततंव.’ कुठे? तर स्वयंपाकघरातल्या चुलीवर.

मुलाचे रक्त मुंबईला पाठवले. डेसिलिटरमागे ३८ मायक्रोग्रॅम शिसे निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार ५ मायक्रोग्रॅम आढळले तरी ते कोठून आले हे शोधून थांबवले पाहिजे. शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही, असेही ही संघटना सांगते.

आजोबांना हे पटेना. ‘डॉक्टरानू, माझ्या आज्यान ह्याच चुलीर शिसा वितळयल्यान. तेका काय एक झाला नाय!’ असे ते म्हणाले. वाचक हो, इथेच आपली फसगत होते. शिसे सापासारखे डसत नाही. ते अंगात साठत जाते. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडात ठेवते आणि तिथे ते वीस-तीस वर्षे राहते. मोठ्या माणसाचा रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात, हातपाय दुखतात. त्याचा दोष आपण वयाला देतो. लहान मुले पोटात गेलेले शिसे मोठ्यांच्या चार ते पाचपट शोषतात, आणि ते त्यांच्या वाढत्या मेंदूवर बसते. पोर अभ्यासात मागे पडते. मग आपण मास्तरांना दोष देतो, नाहीतर पोराला चोपतो. गर्भवतीच्या अंगातले शिसे तर वारेतून थेट बाळाकडे जाते.

आता पत्रातल्या प्रश्नांकडे वळू. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. सुमारे ५०० अंशांपुढे त्याचा धूर घातक प्रमाणात निघू लागतो. चुलीतल्या लाकडाच्या जाळाला ५०० अंश गाठायला वेळ लागत नाही, आणि किती तापले हे डोळ्यांना कळत नाही. परदेशात हौसेने बंदुकीच्या गोळ्या ओतणारे लोक तापमान ठरवता येणारे विजेचे भांडे वापरतात, ते यासाठीच. पण नुसत्या भांड्याने प्रश्न सुटत नाही. वितळलेल्या शिशावर जी करडी साय येते, ती आपण पळीने काढून बाजूला टाकतो. वाळली की तिची पूड होते. ती जमिनीवर, कपड्यांवर, पिठाच्या डब्यावर बसते. रांगणारे मूल तोच हात तोंडात घालते. धुरापेक्षा ही पूडच घरात जास्त घात करते.

अॅल्युमिनियमचे भांडे मुळीच नको. तापल्यावर ते मऊ पडते, आणि तळ गेला तर कढता रस पायावर येतो. जाड बिडाचे किंवा लोखंडाचे भांडे घ्यावे. त्याची पळीही वेगळी असावी, आणि दोन्ही पुन्हा कधी स्वयंपाकघरात येऊ नयेत. शिसे कोरडे असावे. ओला तुकडा टाकला तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस उसळून डोळ्यात जातो. जुन्या बॅटरीच्या प्लेटी तर घरी आणूच नका. त्यांत आम्ल असते, शिशाची पूड असते आणि शिवाय दुसरे विषारी धातू. सेनेगलमधल्या डकारजवळच्या एका वस्तीत जुन्या बॅटऱ्यांतील शिशामुळे २००७-०८ च्या सुमारास अठरा मुले दगावली.

फडके ही पूड अडवत नाही. गूळ आणि दूध हे अन्न म्हणून चांगले, पण त्यांनी शिशाचा धूर उतरत नाही. मात्र अंगात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असेल तर शिसे कमी शोषले जाते. म्हणून मुलांना उपाशीपोटी ठेवू नका. नाचणी, पालेभाजी, मासळी द्या.

माझे मत विचाराल तर ते एवढेच, की भांडे निवडण्याआधी जागा निवडा. घर ही शिसे वितळवण्याची जागा नव्हे. मग ती चूल असो, पडवी असो की मागची खोली. ‘बंद करा’ एवढे सांगून मी मोकळा होणार नाही. पागावर ज्याचे पोट आहे, त्याला गोळ्या लागणारच. पण प्रत्येक घरात शिसे का वितळावे? मच्छीमार सोसायटीने तयार गोळ्या आणून द्याव्यात. नाहीतर वस्तीपासून दूर, वाऱ्याच्या जागी एक उघडी शेड बांधावी आणि एकाच जाणत्या माणसाने तिथे ओतकाम करावे. पोरे आणि गर्भवती यांनी तिकडे फिरकू नये. काम झाल्यावर जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कपडे तिथेच बदलावेत, हात साबणाने धुवावेत, मग घरात यावे. आणि आम्हा डॉक्टरांनी फिकट मुलाला लोहाचे औषध लिहिण्याआधी घरातल्या धंद्याची चौकशी करावी. ही चूक माझ्या हातून झाली, म्हणून सांगतो.

त्या मुलाला खास औषध द्यावे लागले नाही. चूल बदलली, घर धुऊन काढले, आहार सुधारला. सहा महिन्यांनी आकडा निम्म्यावर आला. पण मेंदूचे जे नुकसान एव्हाना झाले असेल, ते भरून देणारे औषध माझ्याकडे नाही.

ब्रिटनमध्ये १९८७ साली मासेमारीच्या लहान शिशाच्या बहुतेक वजनांच्या विक्रीवर बंदी आली. कारण काय, तर तळ्यातले हंस ती गिळून मरत होते. तिकडे हंसांसाठी कायदा झाला. आपल्या पोरांसाठी आपण निदान चूल तरी वेगळी करू या.