हस्तिदंती की बदामी?

रंगाची निवड ही शेवटी आवडीची बाब, असे आपण सहज म्हणतो. माझे मत आता तसे राहिलेले नाही. रंग कोणाच्या आवडीचा, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

गेल्या दिवाळीच्या आधी आजीच्या खोलीला रंग द्यायचे ठरले. शेडकार्डावर हस्तिदंती, मलई, बिस्किटी, बदामी असे चार रंग शेजारी शेजारी. चौघे सख्खे भाऊच! बाबा मलईवर अडले, मी बिस्किटीवर. आजीला कोणीच विचारले नाही. "तिला मोतीबिंदू, तिला काय फरक कळणार?" हे वाक्य, सांगायला लाज वाटते, माझेच होते.

पेंटरने मात्र आम्हाला शहाणे केले. त्याने भिंतीवर दोन-दोन फुटांचे पट्टे ओढले आणि म्हणाला, "ताई, दोन दिवस बघा, मग बोला." सकाळच्या उजेडात मलई निस्तेज दिसे; रात्री पिवळ्या दिव्याखाली तीच लोण्यासारखी. पांढऱ्या ट्यूबखाली बिस्किटी करडा पडे आणि तांबड्या कोब्याजवळ हिरवट भासे. शेजारचा रंग बदलला की रंग बदलल्यासारखा दिसतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने १८३९ सालीच ग्रंथ लिहून सांगितले होते. आम्ही ते भिंतीवर शिकलो.

तिसऱ्या दिवशी आजी आपण होऊन बोलली, "रंग कुठलाही द्या रे, पण दाराची चौकट तेवढी दिसू दे." तेव्हा उलगडा झाला. भिंत आणि चौकट दोन्ही एकाच फिकट रंगाची. रात्री उठताना ती दोनदा चौकटीवर आपटली होती आणि बोलली नव्हती. मोतीबिंदूने डोळ्यातले भिंग गढूळ, पिवळसर होते. फिकट रंगांतला बारीक फरक त्यात पुसला जातो; उजळ आणि गडद यांतला फरक मात्र बराच टिकतो. आमचा सारा वाद नेमका तिला न दिसणाऱ्या फरकावर चालला होता!

भिंत हस्तिदंती झाली, चौकट गडद तपकिरी. बाबा हरले, मीही हरले.

मित्रहो, उद्या आपल्या वाचनालयाला किंवा वसतिगृहाला रंग द्यायची वेळ येईल, तेव्हा शेडकार्ड जरूर उघडावे. पण त्याआधी तिथे रोज वावरणाऱ्याला एकदा विचारावे. चार रंगांतला सूक्ष्म भेद ओळखणे ही रसिकता खरी. पण आपल्या घरातले माणूस कुठे अडखळते हे ओळखणे, ही त्याहून मोठी रसिकता नव्हे काय?